दगडफुलांची फोटो-मार्गदर्शिका करताय? या चुका टाळा

दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव. त्याचे फोटो सुंदर येतात आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो. महाबळेश्वरच्या एखाद्या खोडावरची राखाडी झालर छान टिपलेली असते, पण ती ओळखायला जे लागतं ते फोटोत नसतं. मार्गदर्शिकेत फोटोचं काम खूण दाखवण्याचं आहे.

मसाल्यातल्या दगडफुलाचंच बघा. त्यात बरंचसं पार्मोट्रेमा या प्रजातीतलं लायकेन असतं. पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या पृष्ठभागावर बारीक खुंटांसारखे इसिडिया असतात आणि कडेला केस नसतात. पार्मोट्रेमा रेटिक्युलॅटमवर पांढऱ्या रेषांची बारीक जाळी, सोरेडिया म्हणजे पिठासारखे बारीक कण आणि कडेला काळे केस असतात. हातभर अंतरावरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून अख्ख्या लायकेनचा एक, कडेचा एक, पृष्ठभागाचा अगदी जवळून (मॅक्रो) आणि खालच्या बाजूचा एक, एवढे फोटो हवेतच. खालची बाजू लोक हमखास सोडतात. ती काळी आहे की तपकिरी, मुळांसारखे तंतू काठापर्यंत पोचतात की अलीकडेच थांबतात, यावर बरंच ठरतं.

कोरडं लायकेन उचलायला गेलात तर त्याचा चुरा होतो. आधी पाणी शिंपडा, ते मऊ पडू द्या, मग सुरीच्या टोकाने कड अलगद उचला. मात्र वरच्या बाजूचे सगळे फोटो पाणी मारण्याआधी घ्या. भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो, आतलं शैवाल दिसू लागतं आणि राखाडी लायकेन हिरवंगार होतं. आंबोलीत पावसाळ्यात काढलेले फोटो आणि जानेवारीतले फोटो एकाच पानावर काही न लिहिता टाकले, तर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या जाती वाटतील. प्रत्येक फोटोखाली ‘कोरडं’ किंवा ‘ओलं’ लिहाच.

रंग बिघडण्याचं दुसरं कारण प्रकाश. दाट झाडीत सगळ्यावर हिरवट छटा येते आणि फोनचा कॅमेरा आपल्या मनाने ती सुधारतो. पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स बसवा, ऑटो एन्हान्स बंद ठेवा. मापासाठी नाणं नको, मिलिमीटरची पट्टी ठेवा. नाण्यांचे आकार बदलत राहतात.

रासायनिक चाचणीचे, म्हणजे ब्लीचचा थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहण्याचे, फोटो देणार असाल तर ब्लीच ताजं घ्या. जुन्या ब्लीचची ताकद जाते, रंग येत नाही आणि ‘चाचणी नकारात्मक’ अशी चुकीची नोंद होते. टिंक्टोरमचा वरचा थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर एक थेंब टाका. तो लाल झाला तर ब्लीच ठीक आहे. रंग लगेच विरू शकतो, म्हणून कॅमेरा आधीच रोखून ठेवा. अतिनील टॉर्चचंही तसंच. शहरातल्या झाडांवरही दिसणारं पिक्सिन कोकोज हे लायकेन ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात पिवळं चमकतं, पण ३९५च्या स्वस्त टॉर्चखाली जांभळ्या उजेडातच ती चमक हरवते.

सगळ्यात नुकसान करणारी चूक म्हणजे फोटोवरून ठामपणे जातीचं नाव देणं. सदाहरित जंगलातल्या गुळगुळीत सालीवर काळ्या अक्षरांसारख्या रेघा दिसल्या की लोक ‘ग्राफिस’ (अशा रेघांच्या लायकेनची एक प्रजाती) लिहून मोकळे होतात. तशाच रेघा इतर गटांतही असतात आणि फरक सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्यावर कळतो. जिथे नक्की नाही तिथे ‘ग्राफिससारखं, जात निश्चित नाही’ असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. खोडांवरचा मखमली केशरी थर तर बरेचदा लायकेन नसतोच, ते ट्रेन्टेपोहलिया नावाचं शैवाल असतं. शंका असलेले नमुने जाणकारांना दाखवा. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था इथे लायकेनचे मोठे संग्रह आहेत. संरक्षित जंगलातून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी आधी.

फाइलला जातीचं नाव देऊ नका. लायकेनची शास्त्रीय नावं वारंवार बदलतात आणि मग सगळे दुवे तुटतात. फाइलला नमुना क्रमांक द्या. नाव, ठिकाण, उंची, तारीख, दगड की साल, कुठल्या झाडाची साल, हे सगळं वेगळ्या तक्त्यात ठेवा. नाव कोणी आणि कशावरून ठरवलं यासाठीही त्यात एक रकाना असू द्या.