टर्बोच्या गरम बाजूला सिरॅमिक कोट कसा मारायचा

माझ्या जुन्या डिझेल जीपच्या टर्बोला (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मी पहिल्यांदा सिरॅमिक कोट, म्हणजे उष्णता सोसणारा रंग मारला, तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी बॉनेट उघडलं तर जुन्या भिंतीचा चुना सुटावा तसे पापुद्रे सुटलेले. बोटानं ढकलला की एकेक पडायचा आणि खाली काळपट, चिकट बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कोटात काही खोट नव्हती. गंजलेले बोल्ट सुटावेत म्हणून मीच त्यांच्यावर भरभरून तेल मारलं होतं, ते बिडाच्या बारीक छिद्रांत मुरलं. इंजिन तापल्यावर तेच बाहेर आलं आणि कोट घेऊन गेलं.

म्हणून या कामात फवारणीला अर्धा तास आणि तयारीला दोन दिवस, हे हिशेबात धरूनच सुरुवात करा.

आधी अपेक्षा नीट लावून घ्या. डिझेल गाडीत टर्बाइनमध्ये, म्हणजे टर्बोच्या धुरानं फिरणाऱ्या गरम बाजूत, शिरणारा धूर जोरात चालवताना 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पेट्रोल टर्बोत 950 च्याही वर. आपण स्प्रे गननं किंवा स्प्रेच्या डब्यातून मारतो तो कोट जेमतेम 25 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तो गंज थांबवतो, दिसायला छान दिसतो, उष्णता मात्र थोडीच अडवतो. उष्णता खरोखर आत कोंडायची असेल तर प्लाझ्मा फवारणीनं (अतितप्त झोतातून) झिर्कोनिया या सिरॅमिकचा जाड थर द्यावा लागतो, आणि ते घरी होत नाही. कोकणात खाऱ्या हवेत गाडी असेल तर पातळ कोटही पैसे वसूल करतो.

सोडवणं

टर्बो काढल्यावर टर्बाइन हाउसिंग (गरम बाजूचं बिडाचं कवच) आणि मधली कार्ट्रिज (दांडा धरणारा मधला भाग) यांच्यावर पंचानं समोरासमोर खूण करा. जोडताना कोन चुकला तर ऑइलची नळी जागेवर बसत नाही. मग हाउसिंग वेगळं करा. कार्ट्रिज पिशवीत बांधून बाजूला ठेवा; ती ना ब्लास्टिंगला (हवेच्या दाबानं खरखरीत कण मारून घासायला) जाते, ना भट्टीत. तिच्यात बेअरिंग आणि सील असतात. कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं आणि थंड बाजूचं, त्याला या कोटाची गरजच नाही. आपल्या कामाचे तीन भाग: टर्बाइन हाउसिंग, मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत आणणारा), डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा).

तेल आणि गंज काढणं

ब्रश आणि डीग्रीझरनं धुवा, वाळवा. मग भाग भट्टीत 200 अंशांच्या आसपास तासभर तापवा. धूर निघेल, कुठे कुठे तेलाचे ओले डाग वर येतील. ॲसिटोननं पुसा, पुन्हा तापवा. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत हे करत राहायचं. मी पहिल्या वेळी गाळलेली पायरी हीच. ॲसिटोन भट्टीजवळ किंवा गरम भागावर वापरू नका. भाग पूर्ण थंड होऊ द्या, खिडक्या उघडा. आणि भट्टी स्वयंपाकघरातली नको.

आता ब्लास्टिंग. कोल्हापूर, सांगलीकडे फाउंड्रीच्या आसपास हे करून देणारे सहज भेटतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा 100 ते 120 ग्रिट मागा. सुकी वाळू मारू देऊ नका, तिच्या धुळीनं सिलिकोसिस होतो. त्याआधी हाउसिंगचं आतलं पोट लाकडी किंवा रबरी बुचानं बंद करा. तिथे टर्बाइनचं चाक आणि भिंत यांत मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते, ती खरवडली गेली तर टर्बो गेला. फ्लँजची (दोन भाग बोल्टनं जोडायच्या कडांची) तोंडं, आटे, वेस्टगेटची (जादा धूर बाजूनं सोडणाऱ्या झडपेची) बैठक आणि तिच्या दांड्याचं बुश हेही झाका. काम झाल्यावर प्रत्येक छिद्रात हवा मारा, भाग उलटा करून ठोका. उरलेला एक कण लाखभर आरपीएमनं फिरणाऱ्या पात्यावर आदळला तर काय होईल, ते सांगायला नको.

ब्लास्ट झालेल्या बिडाला उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचा ठसासुद्धा पुढे कोटातून दिसतो. पावसाळ्यात काही तासांत त्यावर तांबूस गंज चढतो, तेव्हा ब्लास्टिंग आणि फवारणी एकाच दिवशी उरका.

मारणं

फक्त बाहेरून मारा. मॅनिफोल्डच्या आत मारलेला कोट सुटला तर त्याचे तुकडे थेट टर्बाइनमध्ये जातात. डबा खूप हलवा, सिरॅमिकची भुकटी तळाशी बसते. 20 ते 25 सेंटीमीटरवरून दोन पातळ हात, मग एक जरा ओला, मधे दहा-दहा मिनिटं. कानेकोपरे आधी, उघडा भाग नंतर. गन वापरत असाल तर हवेच्या कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा फिल्टर हवाच. मास्क लावा, साधा कापडी नाही, वाफ अडवणारा. "अजून एक हात मारू" हा मोह आवरा. जाड कोटच आधी तडकतो.

टेप आणि बुचं भट्टीआधी काढा.

भाजणं

डब्यावर लिहिलंय तेच ऐका. बऱ्याच सिलिकॉन-सिरॅमिक पेंटांचा क्रम असा असतो: 120 अंशांना अर्धा तास, अर्धा तास थंड, 200 ला अर्धा तास, पुन्हा थंड, शेवटी 315 ला अर्धा तास. पावडर कोटिंगवाल्याची भट्टी साधारण दोनशेपर्यंत जाते, म्हणजे पहिले दोन टप्पे त्याच्याकडे होतात. शेवटचा गाडीत लावून, इंजिन दहा मिनिटं आयडलवर, थंड, मग वीस मिनिटं, थंड, मग शांतपणे एक फेरी. नव्या कोटाचा उग्र वास आणि थोडा धूर येतो, घाबरू नका. सगळं मोकळ्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही.

जोडताना नवी गॅस्केट घ्या, वेस्टगेटची झडप हातानं हलवून मोकळी आहे ना पाहा, आणि इंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल घाला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर फ्लँजचे नट पुन्हा एकदा तपासा. माझ्या दुसऱ्या खेपेला चारांतले दोन पाव फेरा तरी फिरले होते.