उबंटू २४.०४ वर लिबटिनफो ५ मिळत नाही? असं जमलं

जुना प्रोग्राम टाकताना लिबटिनफो ५ (libtinfo5, टर्मिनल प्रोग्राम्सना लागणारी जुनी लायब्ररी) नाही म्हणून एरर यायचा, कारण २४.०४ च्या रेपोमध्ये (उबंटूच्या पॅकेजेसच्या साठ्यात) ते आणि लिबएनकर्सेस ५ (libncurses5, तशीच जोडीची लायब्ररी) दोन्ही राहिलेलीच नाहीत. व्हर्जन ६ ला सिमलिंक (जुन्या नावाने नव्या फाइलकडे नेणारा शॉर्टकट) देऊन पाहिली तरी प्रोग्राम उघडेना, डोकं पार उठलं.

चाललं ते असं: उबंटूच्या पॅकेज सर्चवर २२.०४ म्हणजे जॅमी निवडून दोन्हीच्या एएमडी६४ (नेहमीच्या ६४-बिट पीसीसाठीच्या) डेब म्हणजे इन्स्टॉलर फाइल्स उतरवा, दोन्हीचं व्हर्जन अगदी सेम हवं, मग टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरात जाऊन सुडो एपीटी इन्स्टॉल, स्पेस, डॉट-स्लॅश आणि लगेच फाइलचं नाव (sudo apt install ./फाइलचं-नाव). आधी लिबटिनफो, नंतर लिबएनकर्सेस. डॉट-स्लॅश राहिलं तर एपीटी (पॅकेज टाकणारं टूल) रेपोत शोधत बसतं. मग प्रोग्राम टाका. जॅमीची अख्खी रेपो मात्र सोर्सेसमध्ये (एपीटीच्या रेपोंच्या यादीत) घालू नका प्लीज, पॅकेजेसची सरमिसळ होते.