कमी पैशात चांगली फ्रेंच वाइन

फ्रेंच वाइन म्हटलं की बोर्दो-बर्गंडीच आठवतात आणि किंमत बघून हात आखडतो. व्हाइट हवी असेल तर लवार नदीच्या मुखाजवळची मस्कादे घ्या. लेबलवर ‘स्युर ली’ लिहिलंय का, तेवढं बघा. अशी वाइन बाटलीत भरेपर्यंत यीस्टच्या गाळावरच ठेवतात, त्यामुळे तिला अंग येतं, म्हणजे ती तोंडात भरीव लागते. वास फारसा येत नाही, पण घोट तोंडात सावकाश फिरवा: आधी लिंबाचा आंबटपणा, मागून किंचित खारटपणा. तिथल्या नांत शहराकडे ती कालवांसोबत पितात, आणि त्याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

रेडमध्ये बोजोले. त्यातही ‘मोर्गों’ किंवा ‘फ्लरी’ असं तिथल्या गावाचं नाव असलेली बाटली शोधा. पैसे थोडे जास्त जातात, पण बोजोले ज्या गामे द्राक्षापासून बनते, त्याचा कस तिथेच कळतो.

तापमान मात्र सांभाळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या रेडमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं, म्हणून ती दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. 13-14 अंशांवर बोजोलेतली चेरीची चव स्पष्ट लागते. मस्कादे उलट फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी ओता. ग्लास तिसरा हिस्साच भरा, म्हणजे घोळवायला जागा राहते.