किनारा साफ करायला निघताय? आधी तिथी बघा

बोर्डी-डहाणूला किनारा साफ करायला जायचं म्हटलं की आमच्या नाशिकच्या इंदिरानगर ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "रविवारी जमेल ना सगळ्यांना?" मी विचारते, "रविवारी तिथी कोणती?" भूगोलाची बाई, दुसरं काय विचारणार! पण समुद्राला रविवार कळत नाही.

कोकणात चालणारा हिशोब पाठच करून टाका. तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, दिवसातून दोनदा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. बंदरागणिक फरक पडतो, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक बघाच.

पाणी किती चढणार, हेही तितकंच महत्त्वाचं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. रत्नागिरीकडे तो बराच कमी.

सफाईला मी द्वितीया धरते. भरती दीडच्या सुमाराला. सकाळी सहाला नाशिक सोडून त्र्यंबक-जव्हारमार्गे गेलात तर जेवण उरकून अडीचला हातमोजे चढवता येतात. उधाणाने कचरा सगळ्यात वरच्या रेषेवर आणून टाकलेला असतो, पाणी मागे सरकत असतं, अंधार पडेपर्यंत निवांत काम होतं. खडकांतले जीव बघायचे असतील तर मात्र अमावास्या-पौर्णिमेची पहाट गाठा. सहाच्या आसपास ओहोटी, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आलाच. बोर्डीची पुळण (वाळूचा किनारा) सपाट आहे, पाणी खूप आत जातं आणि परत येतं तेही झपाट्याने. फोटोसाठी लांबवर चालत जाऊ नका.

उचलायचं काय? प्लास्टिक, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे. वाळलेलं शेवाळ आणि काड्या तिथेच राहू द्या; त्यात बारीक किडे-कुरल्या असतात, त्यावर पक्षी जगतात. जेसीबीने किनारा 'चकाचक' करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. वाळू दबते, आणि जिथे कासवं अंडी घालतात तिथे घरटंच चिरडतं.

निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज उघडा. लाटेच्या उंचीखाली सेकंदांचा आकडा असतो, लोक तो वाचतच नाहीत. दोन लाटांमधलं अंतर पंधरा सेकंदांच्या वर असेल तर ती लाट दूर दक्षिणेच्या महासागरातून निघालेली असते. किनाऱ्यावर वारा नसला, आकाश निरभ्र असलं, तरी ती पाणी अचानक वर चढवते. इशारा असेल तर बेत रद्द.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवं बघायला गेलात तर कुंपणातल्या घरट्यांकडे नीट बघा. भरतीच्या रेषेजवळ घातलेली अंडी पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून ती वर आणून हातभर खोल पुरलेली असतात. 45 ते 60 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: साधारण 29-30 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. म्हणून तिथे सावली किती, वाळू ओली किती, हे सांभाळावं लागतं. घरट्याला हात लावणं वनखात्याच्या परवानगीशिवाय गुन्हा आहे.

सफाई झाल्यावर वजन केलेल्या पोत्यांचा फोटो पुरेसा नाही. वहीत तारीख, तिथी, वाऱ्याची दिशा आणि वेष्टनांवरची गावांची नावं लिहा. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. नोंद असेल तर कचरा कुठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो. (त्यात आपलाही वाटा असतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याचं पाणी दमणगंगा, नार, पार या नद्यांनी अरबी समुद्रातच जातं.)

पावसाळ्यात जखमी किंवा दमलेलं कासव किनाऱ्याला लागलेलं दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. ओल्या फडक्याने पाठ झाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, गर्दी हटवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन लावा.