शेडचं सीएफडी करताय? मग या चुका टाळा

सीएफडी म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये हवा कशी फिरते, कुठं किती तापते याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन. त्यात नवीन पोरांची सगळ्यात मोठी चूक छपराची. सॉफ्टवेअर भिंतीला, छपराला हीट फ्लक्स, म्हणजे आरपार जाणारी उष्णता, शून्य धरून देतं, हे तसंच ठेवून पुढं जातात, म्हणजे पत्र्यातून उष्णता आत येतच नाही. अहो, सोलापुरात मे महिन्यात दुपारी पत्रा ६० डिग्रीच्या वर जातो, खाली उभं राहून बघा की ओ एकदा!

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना, नाव सांगत नाही. एक्झॉस्ट फॅन कुठं बसवायचे ते सिम्युलेशनवरून ठरवलं, रिपोर्टात सगळी शेड निळीशार, मालक खूश, फॅन बसले. उन्हाळा आला आणि मधल्या रांगेतले कामगार माग सोडून दारात येऊन उभे राहायला लागले. मला बोलावलं तेव्हा आधी फाइल उघडली तर छप्पर ॲडियाबॅटिक (म्हणजे उष्णता आरपार जाऊच न देणारं), रेडिएशन (तापलेल्या पत्र्याची झळ) बंद, मोटरींची उष्णता धरलेलीच नाही, आणि फॅनला कॅटलॉगमधला पूर्ण फ्लो. तेवढी हवा फॅन ओढतो ती अडथळा नसताना, इथं खिडक्यांच्या जाळ्या कापसाच्या धुळीनं बुजलेल्या. फॅन कर्व्हच द्यायचा, म्हणजे किती दाबाला फॅन किती हवा ओढतो तो आलेख, आणि जाळीचा प्रेशर ड्रॉपही, म्हणजे जाळीतून जाताना हवेचा किती दाब कमी होतो ते. हे सगळं घालून परत रन केलं तर मधली रांग लालभडक, जे कामगार आधीपासून सांगत होते तेच.

म्हणून मी कॉम्प्युटरच्या आधी थर्मामीटर घेऊन दुपारी शेडमध्ये फिरतो आणि कागदावर हिशेब करतो. १० किलोवॅट उष्णता, सेकंदाला १ घनमीटर हवा, तर हवा ९ डिग्रीच्या आसपास तापणार. सॉफ्टवेअरचं आउटलेट तापमान याच्या जवळ नसेल तर चित्र कितीही देखणं असो, मी ते मालकाला दाखवत नाही.

सॉफ्टवेअरमधली हवेची घनता १.२२५ (किलो प्रति घनमीटर) तशीच ठेवू नका, ती समुद्रसपाटीची, १५ डिग्रीची. आपण साधारण ४५० मीटरवर, ४२ डिग्रीत, म्हणजे १.०६ च्या आसपास.

ग्रॅव्हिटी चालू करायला विसरू नका, नाहीतर गरम हवा वर चढणारच नाही.

एकाच मेशवर, म्हणजे हिशेबासाठी शेडचे जे बारीक तुकडे पाडतात त्या एकाच जाळ्यावर, रिपोर्ट देऊ नका. "उद्या सकाळी पाहिजे" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, मेश दोनदा तरी बारीक करून तापमान हलत नाही ना ते बघायलाच वेळ लागतो. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली आले म्हणजे काम झालं असंही नाही, मॉडेलमध्ये मागाजवळ एक मॉनिटर पॉइंट, म्हणजे तापमान बघत राहायची एक जागा, ठेवा, तो स्थिर होईपर्यंत रन थांबवू नका. आणि तापमानाचं चित्र छपराजवळचं नको, जमिनीपासून दीड मीटरवरचं काढा, कामगाराचं तोंड तिथं असतं.