अनामत रक्कम आपली नसते: पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

भाडेकरू पारखून घ्यावा, करार लेखी आणि रीतसर करावा, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते अनामत रकमेविषयी, कारण माझी चूक तिथे झाली आणि तिची झळ दुसऱ्याला बसली.

पहिले घर भाड्याने दिले, तेव्हा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत हाती आली आणि त्याच आठवड्यात रंगकामाचे व नळदुरुस्तीचे पैसे चुकते करायचे होते. मी त्या रकमेतून देणी भागवली, पुढे कर्जाचा एक हप्ताही भरला, आणि नवा भाडेकरू आला की त्याच्या अनामतीतून जुन्याचे पैसे परत करू, असा हिशेब मनाशी मांडला. दीड वर्षाने भाडेकरू बाईंनी वेळेत पूर्वसूचना देऊन घर सोडले. त्यांनी घर झाडून-पुसून ठेवले होते आणि वीजमीटरवरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी किल्ल्यांच्या जुडग्याला बांधली होती. पैसे आज मिळतील का, एवढेच त्यांनी विचारले, कारण नव्या घराची अनामत त्यांना संध्याकाळपर्यंत भरायची होती. माझ्या खात्यात निम्मी रक्कमही नव्हती. पुढचे सात आठवडे मी त्यांना तारखा देत राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

हा हिशेब का फसतो, ते नीट समजून घ्या. भाडेकरू जातो, त्याच महिन्यात भाडे थांबते, त्याच महिन्यात अनामत परत करायची असते आणि घराची डागडुजीही तेव्हाच निघते; कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणजे ज्या दिवशी या पैशांची गरज पडते, नेमका तोच दिवस हात सर्वांत आखडलेला असण्याचा असतो. अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणे आहे. ती आली त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावू नका. काही देशांत तर कायद्यानेच तशी सक्ती आहे.

अनामतीतून काय कापता येते, यावरूनही वाद होतात. नेहमीच्या वापराने फिका पडलेला रंग ही झीज आहे, तिचा खर्च घरमालकाचा. फुटलेले वॉशबेसिन हे नुकसान आहे. हा फरक नंतर तोंडी ठरत नाही. घर ताब्यात देतानाच खोलीवार यादी करा, तारखेसह छायाचित्रे काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या.

भाड्यातून हप्ता आपोआप फिटतो, असे सांगणारे अनुभवी सल्लागार पुष्कळ भेटतील. त्यांचे घर किती महिने रिकामे होते, हे त्यांना अवश्य विचारा. ज्याला याचे उत्तर आकड्यांत देता येत नाही, त्याचा सल्ला मी घेत नाही. एक महिना घर रिकामे राहिले की वर्षाच्या भाड्यातील ८ टक्क्यांहून अधिक भाग जातो. ५ टक्के जास्त भाड्याच्या आशेने महिनाभर थांबलात, तर तो महिना भरून निघायला २० महिने लागतात. वेळेवर भाडे देणारा आणि घर जपणारा भाडेकरू थोड्या कमी भाड्यात मिळत असेल, तर त्याला खुशाल होकार द्या.

हे वाचून धास्तावू नका. तीन-चार महिन्यांचे हप्ते आणि दुरुस्तीखर्च निघेल एवढी शिल्लक बाजूला असेल, तर हे काम शांतपणे जमते. तेवढी नसेल, तर घर घेण्याची घाई मुळीच करू नका. त्या बाईंचे पैसे मी अखेर उसने घेऊन फेडले. आता घर परत घेताना मी भाडेकरूबरोबर यादी हाती घेऊन खोलीखोलीतून फिरतो, हिशेब तिथेच लिहून काढतो, आणि पैसे जमा झाल्याचे त्यांनी मोबाइलवर पाहिल्याशिवाय किल्ल्या मागत नाही.