न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं अपील करताय? या चुका टाळा

असेसमेंटचं, म्हणजे टॅक्ससाठी गावाने ठरवलेल्या घराच्या किमतीचं, कार्ड हातात पडलं की आपल्या बऱ्याच घरांत एकच हिशेब होतो. 'घर ५ लाख डॉलरचं, असेसमेंट ३ लाख ६० हजारांचं, म्हणजे आपण फायद्यातच!' सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

भाव वाढतात, पण टाऊनशिप वर्षानुवर्षं फेरमूल्यांकन करत नाही. त्यामुळे गावातली जवळजवळ सगळीच असेसमेंट्स बाजारभावाच्या खाली राहतात. राज्याचा टॅक्सेशन विभाग दरवर्षी झालेल्या विक्रीच्या किमती आणि असेसमेंट ताडून, असेसमेंट विक्रीच्या किमतीच्या किती टक्के आहे, याचं प्रत्येक गावाचं सरासरी प्रमाण जाहीर करतो. तुलना करायची ती या प्रमाणाशी.

समजा, तुमच्या गावाचं प्रमाण ६० टक्के आहे. १९७३ च्या 'चॅप्टर १२३' कायद्याने त्याच्या १५ टक्के वर-खाली सूट दिली आहे, म्हणजे ५१ ते ६९. (६० मध्ये सरळ १५ मिळवून ७५ धरू नका.) सुरुवातीच्या उदाहरणातल्या घराचं प्रमाण ७२ टक्के येतं. ५ लाख ही किंमत सिद्ध झाली, तर असेसमेंट ६० टक्क्यांवर, ३ लाखांवर यायला हवं. तेच असेसमेंट ३ लाख ३० हजार असतं, तर प्रमाण ६६ टक्के झालं असतं आणि एक डॉलरही कमी झाला नसता. ५१ च्या खाली असाल तर अपील करूच नका, असेसमेंट वाढू शकतं. गावात यंदाच फेरमूल्यांकन झालं असेल तर हे गणित लागू नाही, तिथे थेट बाजारभाव बघतात.

'शेजाऱ्याचं असेसमेंट कमी आहे' किंवा 'टॅक्स परवडत नाही' हे मुद्दे अपील ऐकणाऱ्या कौंटी बोर्डापुढे टिकत नाहीत. किंमत धरतात ती आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरची, म्हणून त्या सुमारास विकल्या गेलेल्या, आपल्यासारख्या तीन ते पाच घरांच्या विक्रीचे तपशील जमवा. हे पुरावे सुनावणीच्या किमान सात दिवस आधी असेसरकडेही (असेसमेंट ठरवणाऱ्या गावाच्या अधिकाऱ्याकडे) पोचले पाहिजेत. चांगली केस निव्वळ यावरून गेली की फार वाईट वाटतं.

अर्जाची मुदत साधारण १ एप्रिल, फेरमूल्यांकन झालेल्या गावात १ मे, मॉनमथसारख्या कौंटीत मात्र १५ जानेवारी. त्या दिवशी अर्ज पोचलेला हवा, नुसता पोस्टात टाकून भागत नाही. आणि अपील चालू आहे म्हणून टॅक्सचा हप्ता थांबवू नका, थकबाकीवरून अपील फेटाळलं जाऊ शकतं.